डीआरझेड चढावर कुलंट फेकते: मोठे रेडिएटर घेऊ, १.८ ची कॅप लावू की थर्मोस्टॅट काढू?

धुळवाट४००

नमस्कार मंडळी. गाडी म्हणजे सुझुकी डीआरझेड ४०० एस ही मोटरसायकल, कार्बोरेटरवाली. मोकळ्या रस्त्यावर टळटळीत उन्हातसुद्धा तिची कुरकुर नसते. अडचण येते ती दगडगोट्यांच्या चढावर. पहिला गिअर, वेग माणूस चालेल एवढाच, क्लच सतत अर्धा दाबलेला. असं थोडा वेळ चाललं की फॅन सुरू होतो आणि बंद व्हायचं नाव घेत नाही. पुढच्या पाच-दहा मिनिटांत कुलंटच्या रिझर्व्ह टाकीत बुडबुड ऐकू येते आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून कुलंट टपकायला लागतं. दुसऱ्या दिवशी गार गाडीची कॅप उघडली तर रेडिएटरमधली पातळी खाली गेलेली, आणि रिझर्व्ह टाकी मात्र काठोकाठ.

गाडी घेतली तेव्हापासूनच तिच्यावर आफ्टरमार्केट सायलेन्सर आहे आणि एअरबॉक्सच्या वरच्या बाजूला जास्त हवा मिळावी म्हणून कापलेलं ते प्रसिद्ध ३ बाय ३ इंचांचं भोक आहे. कार्बोरेटरमध्ये जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे नट) कोणते आहेत ते अजून पाहिलेलं नाही. रेडिएटरसमोर बारीक जाळीचा गार्ड आहे. तापमान आकड्यात दाखवणारं काही गाडीवर नाही.

मनात यादी अशी आहे: जास्त क्षमतेचे ॲल्युमिनियम रेडिएटर, १.८ बार दाब धरणारी रेडिएटर कॅप, सिलिकॉन होज, पाणीविरहित कुलंट, दुसऱ्या रेडिएटरवर आणखी एक फॅन, आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकणं. सगळं एकदम घ्यायचं नाही. मी बहुतेक वेळा एकटाच जातो, आणि चढाच्या मध्यावर गाडी थंड होण्याची वाट बघत थांबणं मला परवडत नाही. सुरुवात कुठून करू?

रानवाटा

थर्मोस्टॅट काढा. माझ्या मोटोक्रॉस गाडीत थर्मोस्टॅटच नाही, त्याच्या जागी वाय आकाराचा होज लावलेला आहे, जोड कमी, क्लॅम्प कमी, आणि गाडी कधी उकळलेली नाही. पाण्याला वाट मोकळी मिळाली की गाडी गार राहते. त्याबरोबर १.८ ची कॅप लावून टाका, एवढं पुरेल.

दहाचा_पाना

धुळवाट, आधी काही विकत घेऊ नका. तुमच्या पहिल्या परिच्छेदातच अर्धं निदान आहे.

गार गाडीत रेडिएटर रिकामा आणि रिझर्व्ह टाकी भरलेली, ही खूण कॅपची आहे. कॅप हातात घेऊन नीट बघा. खालचं मोठं रबर रेडिएटरच्या गळ्यातल्या आतल्या कडेवर बसतं आणि स्प्रिंगच्या जोरावर दाब धरतं. त्याच्या मधोमध एक छोटी पितळी चकती असते. ती नखाने अलगद ओढली तर किंचित बाहेर आली पाहिजे आणि सोडल्यावर परत बसली पाहिजे. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा रिझर्व्ह टाकीतलं कुलंट याच चकतीतून परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. ती चिकटली, किंवा रिझर्व्हला जाणारी नळी कुठे चिरली असेल, तर बाहेर गेलेलं कुलंट परत येत नाही. मग पुढच्या फेरीला तुम्ही कमी पाण्यावर निघता, आत हवा असते, आणि गाडी आणखी लवकर उकळते. मोठ्या रबरावर खोल गोल वळ उमटला असेल, किंवा ते फुगून मऊ झालं असेल, तर त्याचं आयुष्य संपलं.

आता आकडे. अर्धं डिस्टिल्ड वॉटर आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण उघड्या भांड्यात साधारण १०७ अंशांना उकळतं. १.१ बारची कॅप दाब नीट धरत असेल तर तेच मिश्रण १२५ च्या पुढे जाऊन उकळतं. अशा गाड्यांचा फॅन १०० ते १०५ च्या आसपास सुरू होतो. तो सुरू झाल्यावर इतक्या लवकर बुडबुड येते, तेव्हा पहिला संशय हाच की दाब धरलाच जात नाही आणि कुलंट ११० च्या आत-बाहेर उकळतंय. हाताने दाब देऊन कॅप तपासायचं टेस्टर मिळतं, कुणाकडे असेल तर लावून बघा. नसेल तर गाडीच्या मापाची, १.१ चीच, चांगल्या प्रतीची नवी कॅप लावा.

१.८ ची का नको? दाब वाढवल्याने उकळबिंदू आणखी आठ-दहा अंशांनी वर जातो, तापमान मात्र एक अंशानेही खाली येत नाही. इंजिन तितकंच तापतं, फक्त उकळणं पुढे ढकललं जातं. आणि तो वाढलेला दाब वॉटर पंपाच्या सीलवर, होजच्या टोकांवर आणि रेडिएटरच्या वेल्डवर येतो. शर्यतीच्या गाडीला ते चालतं, कारण तिचे सील सतत बदलले जातात. शिवाय आफ्टरमार्केट कॅपची उंची सारखी नसते. दांडा आखूड पडला तर खालचं रबर कडेला टेकतच नाही, आणि कॅपवर १.८ छापलेलं असूनही प्रत्यक्षात दाब शून्य.

रानवाटा, थर्मोस्टॅटबद्दल मला स्पष्ट बोलायचंय, कारण या सल्ल्याने चांगली इंजिनं झिजतात. थर्मोस्टॅट तापमानाची खालची मर्यादा सांभाळतो, वरची नव्हे. ८२ अंशांना उघडायला लागणारा थर्मोस्टॅट ९५ च्या सुमाराला पूर्ण उघडा असतो. गाडी १०५ वर असताना तो पाण्याच्या वाटेत जवळजवळ नसतोच, मग काढून काय मिळणार? उलट ड्युअल-स्पोर्ट, म्हणजे रस्ता आणि कच्ची वाट दोन्हींसाठीची गाडी रस्त्यावर तासन् तास एका वेगाने चालते. थर्मोस्टॅट नसेल तर थंड हवेत इंजिन पुरेसं तापत नाही, ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ उडून जात नाही, आणि झीज वाढते. मोटोक्रॉसची गाडी सतत जोरात चालते आणि तिचं ऑइल फार लवकर बदललं जातं, म्हणून तिथे निभावतं.

दुसरं म्हणजे, काही इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की तोच बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर बायपास कायम उघडा राहतो, थोडं पाणी रेडिएटरकडे न जाताच फिरत बसतं आणि चढावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. आपल्या इंजिनात वाट कशी आहे ते सर्व्हिस मॅन्युअलमधल्या कुलंटच्या आकृतीत दिसतं, तिथे बघितल्याशिवाय हात लावू नये. थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय असेल तर काढून तपासा: पातेल्यात पाणी, त्यात थर्मामीटर, थर्मोस्टॅट दोऱ्याने मधोमध लोंबता ठेवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही. पाणी तापवत न्या आणि कुठे उघडतो, उकळत्या पाण्यात पूर्ण उघडतो का, ते डोळ्यांनी बघा. चांगला असेल तर परत बसवा.

आता हे इंजिन इतकं तापतंच का? माझी नजर तुमच्या सायलेन्सरवर आणि त्या ३ बाय ३ वर आहे. ही गाडी कंपनीतूनच लीन जेटिंगवर, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त अशा मापावर आलेली आहे. त्यात हवेची वाट मोठी केली आणि जेट तसेच ठेवले की मिश्रण आणखी लीन होतं. गाडी चालते, आवाजही छान येतो, पण सिलिंडर हेडमध्ये जाणारी उष्णता वाढते. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून फटफट येते का? चोक बंद केल्यावर बराच वेळ गाडी नीट आयडल होत नाही का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर मोठ्या रेडिएटरच्या आधी जेट बदला. कार्बोरेटर उघडा, जेटवर कोरलेले आकडे वाचा आणि इथे लिहा.

फॅनही तपासा. गाडी गार असताना फॅनच्या स्विचचं सॉकेट काढा, चावी चालू करून सॉकेटमधली जोडणी पूर्ण करा. फॅन पूर्ण वेगाने फिरला पाहिजे. मग रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागदाची पातळ पट्टी धरा. ती रेडिएटरकडे ओढली गेली पाहिजे. पट्टी बाहेर उडत असेल तर कुणीतरी वायर उलट जोडली आहे आणि फॅन समोरून येणाऱ्या हवेशी भांडतोय.

कडेकपारी

दहाचा पाना यांच्याशी सहमत, मी गार्डबद्दल लिहिते. धुळवाट, तुमची बारीक जाळी आधी उतरवा. चालण्याच्या वेगाला समोरून वारा जवळजवळ नसतोच, सगळी हवा फॅननेच ओढायची असते, आणि तिच्या वाटेत जाळी, जाळीत वाळलेला चिखल, आणि मागे फिन्समध्ये (रेडिएटरच्या पातळ पत्र्यांमध्ये) गवताची कुसळं. माझ्या गाडीला पट्ट्यांचा गार्ड आहे. उभ्या-आडव्या जाड पट्ट्या, मधे बोटभर मोकळी जागा, आणि दोन्ही कडांना मजबूत ब्रेस. गाडी आडवी पडली की रेडिएटर वाचतो तो या ब्रेसमुळे. पुढून येणारा दगड हे छोटं संकट, आडवं पडून रेडिएटर पिळवटणं हे मोठं.

फिन्स धुताना पाणी मागच्या बाजूने पुढे मारायचं, साध्या नळाच्या जोराने. प्रेशर वॉशर जवळ नेला की फिन्स आडव्या झोपतात आणि तेवढा भाग कायमचा मेला. झोपलेल्या फिन्स बोथट टोकाने एकेक करून उभ्या करता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण एखाद्या संध्याकाळी बसून करण्यासारखं आहे. मी केलं तेव्हा एका रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा भाग पूर्ण बुजलेला निघाला, आणि बाहेरून बघताना तो नुसता मळलेला वाटत होता.

पाणीविरहित कुलंटबद्दल: त्याचा उकळबिंदू १८० अंशांच्या वर आहे, म्हणून ते फेकलं जात नाही, हे खरं. पण उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. पाण्याची विशिष्ट उष्णता (एक किलो एका अंशाने तापवायला लागणारे किलोज्यूल) ४.१८, अर्ध्या-अर्ध्या मिश्रणाची साडेतीनच्या आसपास, आणि नुसत्या ग्लायकॉलची २.४. म्हणजे पाणीविरहित कुलंट टाकल्यावर उकळण्याची खूण नाहीशी होते, आणि धातू मात्र आधीपेक्षा जास्त तापलेला असू शकतो. मला ती खूण हवी असते. आणि दूर कुठे होज फुटला तर वाटेत मिळेल ते साधं पाणी भरून परत येता आलं पाहिजे. त्या कुलंटमध्ये पाणी मिसळलं की त्याचा सगळा फायदा जातो.

साधं कुलंट घेताना सिलिकेटमुक्त, ॲल्युमिनियम इंजिनासाठीचं घ्या. सिलिकेटचे कण वॉटर पंपाचं सील घासतात. दोन वेगळ्या जातींची कुलंट एकत्र करू नका, रंग सारखा असला तरी.

उंचावर जात असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅप दाब धरते तो बाहेरच्या हवेच्या तुलनेत. ३००० मीटरवर बाहेरचाच दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्के उरतो, त्यामुळे तीच कॅप असूनही कुलंट काही अंश आधी उकळतं. हवा विरळ असल्याने फॅनही कमी उष्णता ओढतो. खालच्या चढावर जेमतेम निभावणारी गाडी तिथे उकळते, त्यात नवं काही बिघडलेलं नसतं.

धुळवाट४००

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे एकेक करत गेलो.

कॅप: मधली चकती चिकटलेलीच होती, नखाने हललीच नाही. मोठ्या रबरावर खोल वळ. नवी १.१ ची लावली. फॅन: फिरतो, कागदाची पट्टी चिकटते, म्हणजे दिशा बरोबर. जाळी उतरवली. तिच्या आणि रेडिएटरच्या मधे वाळक्या चिखलाची पापडी होती, बोटाने उकलली तर तुकडे पडले. मागून पाणी मारलं तेव्हा पुढून बराच वेळ मातकट पाणी येत राहिलं.

कार्बोरेटर उघडला. मेन आणि पायलट, दोन्ही जेट कंपनीच्याच मापाचे. म्हणजे सायलेन्सर बदलला, एअरबॉक्स कापला आणि जेट तसेच. फटफट येतेच, मला तो सायलेन्सरचा स्वभाव वाटायचा. जेट किट मागवलंय. वरच्या होजमध्ये सेन्सर बसवून तापमान आकड्यात दाखवणारं ट्रेल टेकचं व्हेपर मीटर लावलं. जेट बदलायच्या आधी त्याच चढावर गेलो: मोकळ्या रस्त्यावर ८० ते ८५, चढावर १०४ ला फॅन सुरू, आणि शेवटी ११५. पण कुलंट फेकलं नाही, आणि गार झाल्यावर पातळी काठाला.

११५ हे जास्तच ना? आणि आता मोठे रेडिएटर घ्यावेत का?

दहाचा_पाना

११५ धोक्याचं नाही, कॅप धरतेय तोवर आत उकळत नाही. पण ते सतत राहू नये, आणि राहणारही नाही. जेट बसले की मला बराच फरक अपेक्षित आहे. मीटर लावलंत हे फार बरं केलंत. आता प्रत्येक बदलाचं उत्तर आकड्यात मिळेल. फक्त एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि चढ तोच ठेवा.

कुलंट नव्याने भरलंत तेव्हा हवा काढली का? गाडी पूर्ण गार, कॅप उघडी, पुढचं चाक उंचावर ठेवलेलं. इंजिन सुरू करा, होज हाताने दाबत राहा, गाडी दोन्ही बाजूंना थोडी कलवा. बुडबुडे थांबेपर्यंत वरून भरत राहा. एक महत्त्वाचं: बुडबुडे थांबतच नसतील, इंजिन गरम होऊनही बारीक फेसासारखे येत राहिले, तर ती हवा नव्हे, हेड गॅस्केटमधून येणारा धूर असू शकतो. तेव्हा सगळं थांबवून तेच तपासा. पंपाच्या खालचं बारीक छिद्रही बघा. तिथून कुलंट गळत असेल तर पाण्याकडचं सील गेलं, ऑइल गळत असेल तर ऑइलकडचं.

यानंतरचा बदल मी सुचवेन तो पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन ओढणाऱ्या दातेरी चाकाचा. तुमच्या चढावर क्लच सतत अर्धा दाबलेला असतो असं तुम्हीच लिहिलंय. घसरणाऱ्या क्लचची उष्णता ऑइलमध्ये जाते, आणि तेच ऑइल इंजिनभर फिरतं. कंपनीच्या १५ दातांऐवजी पुढे १४ दातांचं लावलंत तर मागे ४४ धरून गुणोत्तर २.९३ वरून ३.१४ होतं, साधारण ७ टक्के फरक. चालण्याच्या वेगाला क्लच पूर्ण सोडून गाडी ओढेल. रस्त्यावर आरपीएम थोडं वाढेल, आणि स्विंगआर्मवरचं चेनचं रबर थोडं जास्त घासेल, त्यावर लक्ष ठेवा.

मोठे रेडिएटर मी शेवटी ठेवेन. चांगल्या बनावटीचे असतील तर त्यांनी फरक पडतो, जाड कोअर (नळ्या आणि फिन्सचा मधला गाभा) आणि जास्त कुलंट यांमुळे. पण चालण्याच्या वेगाला जाड कोअरमधून हवा ओढायची तर फॅन तेवढा सक्षम हवा, नाहीतर मागचा अर्धा कोअर तापलेल्याच हवेत बसतो. घेतलेच तर तीन गोष्टी बघा: फॅन बसवायचे नट आहेत का, फॅनच्या स्विचची आटी मूळच्याच मापाची आहे का, आणि टाकी-कोअरचा वेल्ड सलग आहे का. पुष्कळ रेडिएटर शर्यतीच्या गाडीसाठी बनलेले असतात, त्यांत स्विचला जागाच नसते.

सिलिकॉन होज चांगले, पण निकड नाही. लावलेत तर साधे खाचांचे स्क्रू-क्लॅम्प वापरू नका, त्यांच्या खाचांतून सिलिकॉन बाहेर येतं आणि चिरतं. आतून गुळगुळीत पट्टी असलेले किंवा स्प्रिंगचे क्लॅम्प घ्या, आणि पहिल्या चांगल्या तापण्या-गार होण्यानंतर एकदा परत आवळून बघा.

रानवाटा

बायपासचं मला माहीत नव्हतं. मॅन्युअलमधली आकृती बघतो. एक विचारायचंय: दुसरा फॅन लावला तर बॅटरी टिकते का? माझ्या दुसऱ्या गाडीला लावायचा विचार आहे, ती ड्युअल-स्पोर्टच आहे.

कडेकपारी

रानवाटा, बेरीज करून बघा. या वर्गातल्या गाड्यांचा स्टेटर (वीज तयार करणारा भाग) साधारण २०० वॉटच्या आसपास, तोही चांगल्या आरपीएमला. हेडलाइटचे ५५-६०, एका फॅनचे ४०-५०, इग्निशन आणि टेललाइट वेगळे. त्यात दुसरा फॅन आणि गरम ग्रिप्स आल्या की चालण्याच्या वेगाला बॅटरी भरण्याऐवजी उतरते, आणि दुसरा फॅन लागतो तो नेमका त्याच वेगाला. आधी हेडलाइटला एलईडी लावा, मग फॅन.

धुळवाट४००

जेट बसले, स्प्रॉकेट १४ चं. एकेकच बदललं. नुसत्या जेटने तोच चढ, तसंच ऊन: जास्तीत जास्त १०८. स्प्रॉकेटनंतर १०५, आणि सगळ्यात समाधान याचं की फॅन मधेमधे बंद होतो. फटफट जवळजवळ गेली. थर्मोस्टॅट पातेल्यात तपासला, नीट उघडतो, परत बसवला. पट्ट्यांचा गार्ड ब्रेससकट मागवलाय. रेडिएटर मूळचेच राहतील.

एक शेवटचं. लांब चढ समोर दिसला की फॅन आधीच सुरू करता यावा, असा हाताचा स्विच लावायचाय. कसा जोडू?

दहाचा_पाना

मूळच्या स्विचला समांतर जोडा, त्याच्या जागी नव्हे. म्हणजे तुम्ही विसरलात तरी फॅन आपोआप सुरू होईल. पुष्कळ गाड्यांत मूळचा स्विच फॅनची वायर अर्थिंगला जोडतो, तुमचा तसाच आहे का ते वायरिंगच्या आकृतीत बघून घ्या. हाताचा स्विच रिलेला (छोट्या करंटवर चालून मोठा करंट जोडणाऱ्या स्विचला) चालवू द्या, फॅनचा पूर्ण करंट हँडलवरच्या छोट्या स्विचमधून नेऊ नका. रिलेचा पुरवठा बॅटरीवरून घ्या, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, आणि रिलेची कॉइल चावीनंतरच्या वायरवर, म्हणजे चावी काढली की फॅन बंद. स्विचमध्ये छोटा दिवा असलेला घ्या, उन्हात इंजिनाच्या आवाजात फॅन चालू आहे की नाही ते कळत नाही. वायर हेडस्टॉकजवळून नेताना हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, ती कुठे ताणली किंवा चेमटली जाता कामा नये.